काळ्या-पांढऱ्या शनिवारचे काका

शनिवार, ४ जानेवारी २०१४. संक्रांतीच्या कार्यक्रमाची बैठक, सकाळी, ओमानमधल्या आमच्या अल मवालेहच्या घरी. हजर: इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष साठे, मुलांचे नाच बसवणाऱ्या शुभदाताई, साउंडचं बघणारा मंदार आणि सेक्रेटरी म्हणून मी. न बोलावता हजर: मंदारचे वडील.

त्यांचं नाव मला माहीत होतं, पण कोणी ते वापरत नसे. सगळे काका म्हणत. मुलाकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले, सत्तरीच्या आसपासचे, बारीक चणीचे, पँट बरीच वर बांधणारे. आत आले ते खुर्चीवर न बसता थेट आमच्या टीव्हीकडे गेले. रिमोट उचलला, कुठकुठली बटणं दाबली आणि पडद्यावरचा रंग पार काढून टाकला. बातम्या देणारी बाई एकदम राखाडी झाली.

"आता कसं, माणूस दिसायला लागला," ते म्हणाले.

"बाबा, लोकांचं घर आहे," मंदार दात आवळून म्हणाला.

"मग? लोकांना नकोत का माणसं दिसायला?"

रंग परत आणायला माझ्या मुलीला संध्याकाळ लागली. काकांविषयी मी मनाशी केलेली पहिली नोंद तिथली: हा माणूस विचारत नाही, करतो. लक्ष ठेवणे.

मी एका कंपनीची स्टोअर्स सांभाळते. ट्रक दारात उभा असला, ड्रायव्हर "यल्ला मॅडम, यल्ला" करत घाई लावत असला, तरी माल बघितल्याशिवाय सही करत नाही. मंडळातही तेच. आदल्या वर्षी गणपतीत एक गृहस्थ 'टीव्हीवरचे गायक' म्हणून आले, आम्ही शाल घातली, आणि नंतर कळलं की एका साबणाच्या जाहिरातीत मागून 'आ' करणाऱ्यांत ते एक होते. तेव्हापासून कार्यक्रमात कोणाची ओळख करून द्यायची तर मजकूर मी तपासते.

आणि काकांचं म्हणणं असं, की ते टीव्हीवरच्या शनिवारच्या कार्यक्रमात होते.

मुंबईत टीव्ही नवा होता, काळा-पांढरा होता, चाळीत एकाच्या घरी असायचा आणि बाकीचे दारात चपला काढून त्याच्यासमोर बसायचे, तेव्हाची ही गोष्ट. शनिवारी संध्याकाळी पॉप गाण्यांचा एक कार्यक्रम लागायचा म्हणे. गिटार घेतलेली लांब केसांची मुलं, गुडघ्याच्या वर स्कर्ट घातलेल्या मुली, मागे पुठ्ठ्याचे चौकोन आणि गोल. काका त्याला नुसतं 'सॅटर्डे' म्हणत. "आमच्या सॅटर्डेला असं नव्हतं", "सॅटर्डेला हे चाललं नसतं." ओमानमध्ये आदल्याच वर्षी आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची बदलून शुक्रवार-शनिवार झाली होती. त्याचंही श्रेय काका जणू स्वतःकडे घेत. "चला, शनिवारची किंमत कळली म्हणायची या लोकांना!"

त्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं, की संक्रांतीच्या कार्यक्रमात मुलांचा एक पॉप नाच ते स्वतः बसवतील, थेट सॅटर्डेसारखा. साठे माणूस भला. ते म्हणाले, "वा वा, मग तुमची ओळखही करून देऊ स्टेजवर. सेक्रेटरी, लिहून घ्या."

मी पेन उघडलं. "काका, त्या कार्यक्रमात तुम्ही नेमकं काय करत होता?"

"काय नव्हतो करत ते विचारा."

"गात होता?"

"गाणारे पुष्कळ होते."

"वाजवत होता?"

"वाजवणारेही होते."

"मग?"

"तुमच्याकडे चहात आलं घालतात का हो?"

मी पेन बंद केलं. मंदार जमिनीकडे बघत होता.

पुढच्या आठवड्यात मंदारबरोबर गाडीने दोन तासांवरच्या सहम गावाला जायचा योग आला. तिथे एका सभासदाचं दुकान आहे, त्यांनी नाचाच्या मागे उभं करायला जुने पुठ्ठे आणि प्लायवूड देऊ केलं होतं. जाताना मी सरळ विचारलं, "मंदार, बाबा खरंच होते का टीव्हीवर?"

"ताई, बाबा बँकेत होते. आयुष्यभर एकच बँक, एकच काउंटर. मी तिसरीत असताना शाळेत सांगितलं, माझे बाबा टीव्हीवर होते. पोरं म्हणाली, दाखव. घरी येऊन बाबांना म्हटलं, दाखवा. फोटो नाही, कागद नाही, टेप नाही. म्हणे, टेपा महाग होत्या, एकावरच दुसरं छापायचे, सगळं पुसलं गेलं. मी हेच शाळेत सांगितलं. दहावीपर्यंत मला फेकू म्हणत होते."

"आणि आता?"

"आता माझा मुलगा इथल्या शाळेत सांगत सुटलाय, 'माय ग्रँडपा वॉज ऑन टीव्ही.' मी त्याला गप्प केलं. बाबांनी ऐकलं ते."

मी मनात हिशेब लावत होते. बँकेला तेव्हा शनिवारी अर्धा दिवस. दुपारी मोकळा झालेला तरुण माणूस संध्याकाळी कुठेही जाऊ शकतो. शक्य आहे. पण शक्य असणं आणि असणं यांच्यात माझ्या कामात फार फरक असतो.

काकांचं चालणं-बोलणं संशय वाढवणारंच होतं. कुठलीही वस्तू समोर आली की ते एक डोळा मिटायचे आणि दुसरा किलकिला करून बघायचे. एकदा आमच्या इथल्या मोठ्या भाजी मार्केटात भेटले. एका बांगलादेशी भाजीवाल्यासमोर उभे होते, एका हातात टोमॅटो, दुसऱ्या हातात ढोबळी मिरची, आणि एक डोळा बंद. भाजीवाला घाबरला होता.

"बाबा, लेना है तो लो, नहीं तो रख दो."

"रुको, रुको. सेक्रेटरीबाई, बऱ्या सापडलात. डोळा बारीक करा. अजून. आता सांगा, यातलं लाल कुठलं?"

मी सांगितलं, की मला दोन्ही दिसतायत, लाल लाल आणि हिरवं हिरवं.

"कारण तुम्ही रंग बघताय. रंग शेजाऱ्याला दाखवायला असतो. टीव्हीवर हे दोन्ही एकच. सारखं वजन! लाल सदरेवाल्याला हिरव्या पडद्यापुढे उभा केलात तर गेला तो, सापडणार नाही." मग दोन्ही जागेवर ठेवून, काहीही न घेता, ते निघून गेले. भाजीवाल्याने मला विचारलं, "मॅडम, ये आदमी बलदिया का है?" त्याला वाटलं, नगरपालिकेचा तपासनीस. संशय घेणारी मी एकटीच नव्हते.

त्यांचं दुसरं एक पालुपद होतं: "बघणारा इथे नाही, घरी बसलाय." तालमीत मुलं समोर बघून नाचायला लागली की ते टाळी वाजवून थांबवायचे. "समोर कोणी नाही! वर बघा, दाराच्या वर. बघणारा घरी बसलाय." मुलं एकमेकांकडे बघायची. एकीने धीर करून विचारलं, "काका, पण आई-बाबा तर हॉलमध्ये सिट करणार ना?"

"बसू देत," काका म्हणाले. "त्यांना काय कळतं?"

कपड्यांवरून मात्र रण माजलं. मुलांचे पांढरे कुडते त्यांनी घरून मागवून घेतले आणि मंदारच्या बाल्कनीत चहाच्या पाण्यात बुचकळले. "पांढरं कॅमेऱ्यात जळतं," एवढंच स्पष्टीकरण. त्याखाली काही मुलांना पोपटी विजारी, काहींना विटकरी, मुलींना मोहरीच्या रंगाचे झगे आणि त्यावर जांभळे पट्टे. सहमहून आणलेल्या पुठ्ठ्यांना त्यांनी गुलाबी आणि शेवाळी रंग फासला. प्रत्येक रंग ठरवताना एक डोळा बंद. मुलं त्या कपड्यांकडे बघून रडकुंडीला आली. "इट्स सो अग्ली," असं साठ्यांच्या मुलीने तोंडावर सांगितलं.

त्यात त्यांनी बायकांच्या साड्यांत तोंड घातलं. संक्रांत म्हणजे काळी साडी. शुभदाताईंनी खास पुण्याहून काळी चंद्रकळा मागवलेली.

"काळं नको," काका म्हणाले. "काळ्याला घडी दिसत नाही, अंग दिसत नाही. नुसतं मुंडकं तरंगतं."

"अहो काका, संक्रांतीला काळं नाही नेसायचं तर काय पाडव्याला नेसायचं?"

"बघणाऱ्याला भोक दिसेल तुमच्या जागी."

"कोण बघणारा? कुठल्या टीव्हीवर? हॉल आहे तो, शाळेचा! मंदार, घेऊन जा रे यांना घरी."

मंदारने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. जिन्यात तो काय बोलला ते बंद दारातून सगळ्यांना ऐकू आलं. "माझी लाज काढू नका, बाबा. इथे मला राहायचंय." काकांचं उत्तर ऐकू आलं नाही.

दोन दिवसांनी ते एकटेच माझ्याकडे आले. व्हिसा महिनाअखेर संपत होता, तिकीट काढलेलं होतं. "सेक्रेटरीबाई, ओळखीत काय लिहायचं ते लिहा, नाहीतर लिहू नका. मला त्याचं काही नाही. मंदारला एकदा पटलं पाहिजे. जायच्या आत. बास."

"काय पटलं पाहिजे?"

"मी तिथे होतो हे."

"मग त्याला सांगा ना तुम्ही काय करत होता. मला नका सांगू."

ते उठले. "येतो," म्हणाले. माझा संशय तेव्हा जवळजवळ पक्का झाला. खरं असतं तर एका वाक्यात संपलं असतं.

ज्या शाळेचा हॉल घेतला होता तो बघायला गेलो, तेव्हाही मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. आम्ही खुर्च्या, पंखे, माइकची जागा बघत होतो. काकांनी यातलं काही बघितलं नाही. आत शिरून त्यांनी वळून दाराच्या वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मान हलवली. मग दिसेनासे झाले. शोधलं तर गेटवरच्या सुरक्षारक्षकाच्या खोलीत सापडले, हमूद नावाच्या ओमानी पोऱ्याला तिळगूळ भरवत. हमूदची हिंदी चांगली होती. "अंकल मेरा दोस्त है," तो म्हणाला. अर्ध्या तासात दोस्त? कशासाठी? मी हेही लक्षात ठेवलं.

कार्यक्रम शनिवारी १८ तारखेला, दुपारी चारला. ओळखीचा मजकूर मी असा दिला होता: 'यानंतरचा नाच बसवला आहे मंदारच्या वडिलांनी.' तपासलेलं तेवढंच होतं.

पडदा उघडला आणि हॉलमध्ये एक सुस्कारा पसरला. स्टेजवरच्या झगझगीत दिव्यांखाली ते चहात बुडवलेले कुडते मळके दिसत होते. पोपटी विजार विटकरीच्या शेजारी, मोहरी जांभळ्याच्या शेजारी, मागे गुलाबी आणि शेवाळी चौकोन. त्यात एकही मूल प्रेक्षकांकडे बघत नव्हतं, सगळी वर, दाराच्या दिशेने बघून नाचत होती. माझ्या मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "शिळी भेळ सांडलीये." हशा झाला. एक आई उठून उभी राहिली आणि परत बसली. मंदार साउंडच्या टेबलाशी होता, त्याचे कान लाल झाले होते. त्याने माझ्याकडे येऊन दबक्या आवाजात विचारलं, "बाबा कुठेयत?"

विंगेत ते नव्हते. मी तेच बघत होते. आपला नाच चालू असताना बसवणारा माणूस गायब, याचा अर्थ मी एकच लावला: पळाले. मंदार तरातरा बाहेर निघाला. त्याच्या मनात काय आहे ते चेहऱ्यावर दिसत होतं, म्हणून मीही मागे गेले.

हमूदच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत काका पाठमोरे उभे होते, हात पाठीशी बांधून. हमूद आम्हाला बघून हसला. "शूफ मॅडम, देखो, देखो! बहोत अच्छा!"

टेबलावर एक छोटा, जुना मॉनिटर होता. हॉलच्या दारावर वर लावलेल्या सुरक्षा कॅमेऱ्याचं चित्र त्यात दिसत होतं. काळं-पांढरं.

मी ते चित्र शब्दांत नीट मांडू शकेन असं वाटत नाही. मागचे चौकोन एक फिके, एक गडद, असे स्वच्छ उठून दिसत होते. मळके वाटणारे कुडते दुधासारखे मऊ उजळ. विजारी, झगे, पट्टे, प्रत्येकाची छटा वेगळी, त्यामुळे एकही मूल दुसऱ्यात हरवत नव्हतं. हात वर गेला की हात दिसे. आणि सगळी मुलं थेट आमच्याकडे बघत होती. स्टेजच्या कडेला माइकशी शुभदाताई उभ्या होत्या, म्हणजे त्यांचं डोकं आणि एक हात हवेत तरंगत होता. बाकी काळी चंद्रकळा गिळून बसली होती.

काका अगदी हळू आवाजात बोलत होते, स्वतःशीच. "हां... आता मधली पुढे... थांब... हां."

काम करताना मी तर्क करायचं सोडत नाही, तसा तो तेव्हाही केला. टीव्हीची थाप मारणारा माणूस हॉलमध्ये छान दिसतील असे कपडे निवडतो. समोरच्या माणसांना आवडेल असं करतो, कारण त्याला टाळ्या हव्या असतात. एवढ्या लोकांसमोर एवढी कुरूप चूक तोच करेल, ज्याने ऐन तरुणपणी, शनिवारमागून शनिवार, फक्त त्या राखाडी काचेसाठी रंग निवडले आहेत आणि त्याचा डोळा तिथेच अडकला आहे. काका तिथे होते. मी त्या क्षणी सही केली असती.

भांडायला उघडलेलं तोंड मंदारने मिटलं. कोपऱ्यातली हमूदची खुर्ची ओढून त्याने वडिलांच्या मागे सरकवली. "बसून बघा ना, बाबा."

काकांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. बसले. "असंच दिसायचं," ते म्हणाले. "फक्त गाणारे याहून बेसूर होते."

मंदार हसला आणि हसता हसता त्याला बाहेर जावं लागलं.

इथे थांबले असते तर सोपं होतं. पण मंदार इंजिनिअर असला तरी मुलगाच. दुसऱ्या दिवसापासून त्याने सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. आधी म्हणाला, बाबा त्या कार्यक्रमात होते. आठवड्याभरात, बाबा तिथे मोठ्या जागेवर होते. निरोपाच्या जेवणाला तर त्याने पोराला मांडीवर घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "माझे बाबा त्या कार्यक्रमाचे दिग्दर्शक होते." नातवाने टाळ्या वाजवल्या. साठे म्हणाले, "अरे, आधी नाही का सांगायचंत!" मी काकांकडे बघितलं. ते पानातल्या गुळाच्या पोळीचा तुकडा मोडत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

जायच्या आदल्या सकाळी ते माझ्याकडे आले, दोन मोठ्या पिशव्या घेऊन. मुलांचे सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून परत आणले होते. असे कपडे मी दुकानातही बघितलेले नाहीत. कॉलर ताठ, बाहीची कड एका रेषेत, घड्या एकसारख्या, आणि प्रत्येकावर टाचणीने मुलाच्या नावाची चिठ्ठी. मी ते कपडे बघितले, मग त्यांचे हात बघितले. माझा अंदाज आहे, की शनिवारच्या त्या कार्यक्रमात कपडे बुचकळणारा आणि इस्त्री करणारा एक बँकेतला पोरगा होता. पण अंदाजच. तपासलेला नाही.

"अहवाल लिहिताय ना?" त्यांनी विचारलं.

"हो. मंडळाच्या वार्षिक अंकात जाईल. तुमच्यावर एक पान."

"तुम्ही विचाराल, मी तिथे काय करत होतो."

"विचारायला लागेल."

"विचारा." ते खरंच थांबले, दाराला हात टेकून. "तुम्ही विचारलंत तर खोटं सांगणार नाही. पण सेक्रेटरीबाई, तो अंक मंदार वाचतो."

मी पिशव्या आत घेतल्या. चहा घेणार का विचारलं. आलं घालून, असंही म्हटलं.

त्या वर्षीचा अंक काकांच्या पानाशिवाय निघाला, जागा कमी पडली असं मी साठ्यांना सांगितलं. त्यानंतरचेही अंक निघाले. मंदार दरवर्षी आठवण करतो, "ताई, बाबांवर लिहिणार होतात." लिहिते, म्हणते. काका ठाण्याला असतात, तब्येत बरी आहे. दिवाळीत मी फोन करते. पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काय, विचारायचंय का आज?" मी म्हणते, "नाही हो, सहज केला." मग ते आमच्या इथल्या भाजीच्या मार्केटबद्दल विचारतात.

या जानेवारीतही नवी यादी केली. हॉलचं आरक्षण झालं. तिळगुळाची ऑर्डर दिली. साउंडचं मंदारशी बोलले. जुन्या यादीतली एकच ओळ बाकी राहिली होती, ती नव्या कागदावर खाली उतरवून घेतली: काकांना फोन करून नेमकं काम विचारणे.